रुईवरचा हिरवा कोश

बसवनगुडी, बंगळूर
१२ जुलै १९५९

अण्णा,

वर काय मायना लिहावा ते ठरेना, म्हणून नुसतंच अण्णा लिहिलं आहे. आपलं बहीणभावाचं बोलणं बंद झालं त्याला दोन वर्षं होऊन गेली. अम्मा तुला पत्र घालते त्यात माझं नाव नसतं, आणि म्हैसुराहून तुझं उत्तर येतं त्यात माझी चौकशी नसते. ते तसंच चाललं असतं. आज लिहिते आहे ती माझ्यासाठी नाही.

माझ्या शाळेत सातवीला यल्लव्वा नावाची मुलगी आहे. तिचे वडील पिराजी यशवंतपूरच्या मालधक्क्यावर हमाल आहेत. मूळचे बेळगावकडचे, म्हणून घरात मराठी. माझ्या ड्रॉइंगच्या वर्गात खिडकीत अळ्यांच्या बरण्या असतात हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू गेल्यावर घरातल्या बरण्या मी शाळेत नेल्या. मुलींना मी एकच सांगते, पुस्तकातलं काढू नका, समोर दिसतंय ते काढा. बाकीच्या मुली अळी बघून शहारतात. ही पहिल्याच दिवशी बरणीला नाक लावून बसली. मग रुळांच्या कडेच्या रुईवरून स्वतः अळ्या आणून तिने घरी वाढवल्या. पिराजीने बरणी दोनदा बाहेर फेकली, तिने तिसरी आणली.

जूनमध्ये ती स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसली. त्यात हायस्कूल आणि वसतिगृहातली जागा, दोन्ही मिळतं. विज्ञानाच्या पेपरात आठ मार्कांचा प्रश्न होता: रुईवर वाढणाऱ्या नारिंगी फुलपाखराच्या चारही अवस्था काढून रंग लिहा. तिने अंडं काढलं, तीन जोड शिंगांची पट्ट्यापट्ट्यांची अळी काढली, फुलपाखरू काढलं, आणि कोश काढला हिरवा, सोनेरी ठिपक्यांचा. परीक्षकाने त्यावर लाल रेघ ओढून शेजारी लिहिलं, ‘तक्ता पाहा’. आठपैकी शून्य. तिची जागा पाच मार्कांनी गेली.

तो तक्ता तुझा आहे. राज्यातल्या सगळ्या शाळांच्या भिंतीवर आहे. त्यात रुईच्या अळीखाली चांदीसारखा चकाकणारा कोश छापला आहे. तो कण्हेरीवरच्या तपकिरी फुलपाखराचा कोश, हे तुला माहीत आहे आणि मलाही. छापखान्यात अदलाबदल झाली असावी.

पिराजीने सांगून टाकलंय, जागा नाही मिळाली तर दसऱ्यापासून पोरगी मावशीबरोबर उदबत्तीच्या कारखान्यात जाईल. मी यल्लव्वाला विचारलं, तक्ता रोज समोर होता, मग तू चांदीचा का नाही काढलास? ती म्हणाली, “बाई, मी बघितल्यालं लिवलंय. तक्त्यातलं मी बघितल्यालं न्हाई.”

तू शिक्षणखात्याला दोन ओळी लिही, की कोश चुकीचा छापला गेला आहे. एवढंच मागणं आहे.

सत्यवती


बसवनगुडी
२६ जुलै १९५९

अण्णा,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं. ‘तुझ्या वहीच्या एक्केचाळिसाव्या पानावर होतं तसंच उतरवलं, छापखान्याचा दोष नाही. डिसेंबरात माझ्या बढतीचा निकाल आहे. अशा वेळी स्वतःच्या तक्त्यात चूक आहे असं लिहून देणं शक्य नाही. एका मुलीच्या आठ मार्कांसाठी एवढं उकरू नये.’

वाचून मी पत्र अम्माच्या हातात दिलं नाही. तुझी प्रकृती बरी आहे एवढंच तिला सांगितलं.

‘तुझ्या वहीच्या’ असं तू लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. तक्त्यावर ‘चित्रे व निरीक्षण: प्रा. बी. एच. प्राणेशराव’ असं आहे. अळ्या मी वाढवल्या, चित्रं मी रंगवली, आणि तू सांगितलंस की ड्रॉइंग टीचरचं नाव खात्यात चालणार नाही. त्याच दिवशी मी तुझ्याशी बोलणं सोडलं. असो.

परवा मी स्वतःच स्कॉलरशिपच्या कचेरीत गेले. तिथले इन्स्पेक्टर प्रतापराव. चामराजपेठेतले, आपल्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले. अम्माच्या माहेरची ओळख निघाली, तोपर्यंत मराठीत बोलत होते. तक्रार आहे म्हटल्यावर इंग्रजीवर गेले. प्रोफेसरने केलेला, खात्याने मंजूर केलेला तक्ता चूक आणि सातवीतली मुलगी बरोबर, असं तुमचं म्हणणं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. पुरावा काय, तर म्हटलं, अळी.

ते स्वल्प हसले. वाईट माणूस नाही. म्हणाले, तुम्ही हिरवा कोश आणून टेबलावर ठेवाल, पण तो त्याच अळीचा हे मी कशावरून मानू? अळीचा कोश होताना माझ्यासमोर दाखवा. कमिटी शनिवारी, एकोणतीस ऑगस्टला अकरा वाजता बसते आणि त्याच दिवशी यादी बंद होते.

मी ‘सरी’, बरं, म्हणून उठले. बाहेर आल्यावर पायरीवरच बसून दिवस मोजले. तुला तरी सांगायला हवं असं नाही, पण सांगते. अळी कात टाकून कोश होते त्याला लागतात चार-पाच मिनिटं. ती चार मिनिटं नेमक्या दिवशी, नेमक्या तासाला, नेमक्या टेबलावर आणायची. घड्याळ बघून अळी चालत नाही.

तरी आज सकाळी मी आणि यल्लव्वा रुळांच्या कडेने हिंडलो आणि बारा मोठ्या अळ्या आणल्या. अंदाज बसवायला म्हणून.

सत्यवती


बसवनगुडी
१३ ऑगस्ट १९५९

अण्णा,

बारापैकी अकरा मेल्या.

आधी वाटलं पानं ओली राहिली. पण तसं नव्हतं. टांगलेल्या अळ्या काळ्या पडून लोंबायला लागल्या, आणि त्यांच्यातून तांदळाच्या कणीएवढे पांढरे किडे दोऱ्यावरून उतरावेत तसे खाली उतरले. आम्ही आणण्याआधीच माशी अळ्यांच्या अंगावर अंडी घालून गेली होती. मोठी अळी आणायची म्हणजे तिच्या पोटात काय आहे ते न कळता आणायची. हे मला ठाऊक होतं, घाईत मी ते विसरले. यल्लव्वा रडली नाही. तिने अकराही बरण्या उकळत्या पाण्याने धुतल्या आणि म्हणाली, “आता अंडीच शोधूया, बाई.”

आज शाळेआधी आम्ही अंडीच आणली. एकतीस. कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला एकेकटं, मोहरीहून बारीक, दुधी रंगाचं. पान तोडताना चीक उडतो, तो डोळ्यांत जाऊ नये म्हणून मी तिला आधी पदराने हात पुसायला लावते. प्रत्येक अंडं वेगळ्या बरणीत, तोंडावर मलमल, टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. तीन दिवसांत फुटतील. पुढे अकरा-बारा दिवस खातील. सगळं नीट झालं तर अठ्ठावीसला टांगून घेतील आणि एकोणतीसला कात टाकतील. उबेत ठेवलं तर लवकर, गारव्यात ठेवलं तर उशिरा. त्यामुळे दहा बरण्या चुलीजवळच्या फडताळात, दहा माजघरात आणि अकरा न्हाणीघराच्या गार कोपऱ्यात ठेवल्या आहेत. कुठली तरी एक वेळेवर येईल. अम्मा न्हाणीघरात जाताना आता मला विचारून जाते. कण्हेरीच्या अळ्याही ठेवल्या आहेत, त्या पुढे गेलेल्या आहेत.

आता जे लिहायचं ते लिहिते. पहिल्या पत्रात मी छापखान्यावर ढकललं. खरं तसं नाही. एक्केचाळिसाव्या पानावर खाली जागा उरली होती. कण्हेरीचा कोश त्या दिवशी इतका चकाकत होता की दुसरं पान घ्यायचा धीर मला नव्हता. तिथेच काढला आणि नाव घालायचं राहिलं. मागाहून नवीन पानावर उतरवायचा होता, तो उतरवला नाही. तू पान बघितलंस आणि जसं होतं तसं घेतलंस. तुझ्या जागी कुणीही तेच केलं असतं.

पण एवढंच नाही. एप्रिल सत्तावन्नमध्ये छापखान्यातून कच्चा तक्ता घरी आला, तेव्हा तू कॉलेजात होतास. मी पाकीट उघडलं. आधी मला दिसलं की माझं नाव नाही. मग दिसलं की कोश चुकला आहे. मी पाकीट पुन्हा चिकटवलं आणि तुझ्या टेबलावर ठेवलं. मनात म्हटलं, होऊ दे. कधीतरी कुणीतरी तुझी चूक काढेल आणि मी गंमत बघेन.

कुणीतरी काढली, ती या मुलीने. आणि शून्य तिला मिळालं.

दोन वर्षं मी शाळेत त्या तक्त्याखाली उभी राहून शिकवते आहे. माझ्या खिडकीतल्या बरणीत हिरवा कोश आणि भिंतीवर चांदीचा. एकाही मुलीला मी म्हटलं नाही की भिंतीवरचा खोटा आहे. कारण मग कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक.

म्हणून आता तू काही लिहू नकोस. एकोणतीसला मी कमिटीसमोर हेच सांगणार आहे, चूक माझी आणि मला ती दिसली होती. तुझ्या बढतीला त्यामुळे धक्का लागू नये. मी वीस वर्षांची, नवरा जाऊन घरी परत आले तेव्हा सगळे म्हणत होते की हिला एकादशीची पोथी द्या, आणि तू ड्रॉइंगच्या परीक्षेचा फॉर्म आणलास. ते मी विसरलेले नाही. मला वाटत होतं, विसरले.

सत्यवती


बसवनगुडी
३० ऑगस्ट १९५९

अण्णा,

तू काल कमिटीच्या खोलीच्या दाराशी उभा होतास. केव्हापासून ते मला कळलं नाही, आणि केव्हा गेलास तेही नाही. तुला काय दिसलं आणि काय नाही हे ठाऊक नाही, म्हणून सगळंच लिहिते. शिवाय मला लिहावंसंही वाटतं आहे.

एकतीसपैकी सव्वीस अंडी फुटली, एकवीस अळ्या पूर्ण वाढल्या. चुलीजवळच्या सगळ्या दोन दिवस आधीच कोश होऊन बसल्या. न्हाणीघरातल्या शुक्रवारीही अजून खातच होत्या. राहिल्या माजघरातल्या आठ. त्यांतल्या पाचांनी शुक्रवारी दिवसभरात बरणीच्या मलमलीला शेपटी चिकटवून डोकं खाली टाकलं. पाच बरण्या आणि कण्हेरीच्या कोशाची एक टोपलीत, मध्ये जुन्या साड्यांचे बोळे. टांगा न हलवता चालव म्हणून टांगेवाल्याला मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी तो उतरून लगाम धरून चालायला लागला. यल्लव्वा टोपली मांडीवर घेऊन बसली होती. पिराजीही आला. धक्क्यावर खाडा करून, धुतलेला सदरा घालून, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

कमिटीत तीन माणसं. प्रतापराव मध्ये. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले की साडेअकरापर्यंत पाहू. अकरा वाजता पाचही अळ्या नुसत्या आकड्यासारख्या वाकून लोंबत होत्या. सव्वाअकरा झाले. डाव्या बाजूचे गृहस्थ वर्तमानपत्र चाळायला लागले. मी बरण्यांवरून नजर काढली नाही. तिसऱ्या बरणीतल्या अळीचं शरीर सरळ व्हायला लागलं होतं, पण एवढ्याने काही होत नाही. मी तिच्या शिंगांकडे बघत होते. ती ताठ असतात तोवर वेळ आहे. ती भिजलेल्या दोऱ्यासारखी पिळवटून लोंबायला लागली की वेळ झाली. हे मला कुणी शिकवलेलं नाही, पुस्तकातही मी वाचलेलं नाही. एवढ्या वर्षांत बघून बघून कळलेलं आहे.

ती लोंबली. मी म्हटलं, “साहेब, तिसरी बरणी. दहा मिनिटांत.”

प्रतापरावांनी घड्याळ बघितलं. वर्तमानपत्र खाली आलं. मी बरणी त्यांच्यापुढे सरकवली. आठव्या मिनिटाला मानेमागे कात फाटली. आत हिरवं दिसलं, कोवळ्या केळीच्या पानासारखं, ओलं. ती अंग पिळत, ताणत, झटके देत होती, आणि पट्ट्यापट्ट्यांची कात वर वर सरकत मोज्यासारखी गोळा होत गेली. शेवटी तिने शेपटीचं टोक कातीतून काढून वर रुतवलं, गिरकी घेतली, आणि काळ्या कातीचा बोळा टेबलावर पडला. लोंबत राहिला तो हिरवा कोश. प्रतापराव इतके पुढे वाकले होते की त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली.

यल्लव्वा त्यांना म्हणाली, “साहेब, ठिपके आत्ताच दिसायचे न्हाईत. उन्हं कलल्यावर सोन्यागत दिसतील.” मग तिने न विचारताच कण्हेरीची बरणी पुढे केली. तिच्यात तीन दिवसांपूर्वीचा कोश होता, आरशासारखा. प्रतापरावांनी त्यात स्वतःचा चेहरा बघितला. ते मराठीत म्हणाले, “म्हणजे तक्त्यातला हा.”

तेव्हा मी उभी राहिले आणि ठरवलं होतं ते सांगितलं. पान माझं, जागा उरली म्हणून काढलेला कोश माझा, चूक छापण्याआधी दिसली आणि मी गप्प बसले. एकही वाक्य अर्धं सोडलं नाही. यल्लव्वाकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं. प्रतापरावांनी विचारलं, “तक्त्यावर नाव प्रोफेसरांचं आहे. मग तुमची वही मध्ये कुठून आली?” मी उत्तर द्यायच्या आत मागून तुझा आवाज आला.

“नाव माझं आहे, चित्रं हिची आहेत. अळी वाढवायला मला येत नाही.”

एवढंच. मी वळून बघितलं तर तू हातात टोपी धरून उभा, बुटांवर स्टेशनची धूळ. तुला मी अशा आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक. तिघांनी अर्धा तास बोलून यल्लव्वाला आठाचे आठ दिले. तेवढ्यावर प्रतापराव थांबले नाहीत. या प्रश्नाचे सगळे पेपर काढायला सांगितले. आणखी दोन मुलांनी हिरवा कोश काढलेला निघाला, एकाने चिकमगळुरात, एकीने तुमकुरात. तिघांनाही जागा. त्या दोघांनी कुठली रुई बघितली असेल, असं मी कालपासून मनात म्हणते आहे.

माझ्या सर्व्हिस बुकात लेखी ठपका येणार आहे. यावा. आणि त्याच कागदावर खाली हुकूम आहे, की तक्ता नव्याने करावा आणि चित्रं सत्यवतीबाईंकडून घ्यावीत. एकाच कागदावर दोन्ही. प्रतापराव सही करताना स्वतःच हसले.

बाहेर आल्यावर यल्लव्वा माझ्या चार पावलं पुढे पायऱ्या उतरायला लागली. पायऱ्या संपेपर्यंत मी वाट पाहिली. मग ती म्हणाली, “बाई, तुम्ही आदी का सांगितलं न्हाई?” मी म्हटलं, भावावर राग होता. ती जरा चालली, मग म्हणाली, “माझा बी राग हाय तुमच्यावर. पर जाईल.” तिच्याकडून याहून जास्त मागायचा मला हक्क नाही. पिराजी मागून टोपली डोक्यावर घेऊन येत होता, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की धक्का लावू नका, आत सरकारी कोश आहेत.

दुपारी उन्हं कलली तेव्हा ठिपके उमटले. अम्मा पहिल्यांदाच बरणीजवळ येऊन बसली आणि एकेक ठिपका मोजत राहिली. तू आला होतास हे मी तिला तेव्हा सांगितलं. घरी न येता गेलास हेही. ती इतकंच म्हणाली की त्याला जेवून जायला काय झालं होतं.

सत्यवती


बसवनगुडी
८ नोव्हेंबर १९५९

अण्णा,

तुझं मोठं पत्र पोचलं. बढती तू स्वतःहून वर्षभर पुढे ढकलायला सांगितलीस, हे वाचून वाईट वाटलं आणि तरीही तुझा हात धरावासा वाटला. तू मागितलीस तशी माफी मी तुला देत नाही, कारण मग मलाही तुझ्याकडे मागावी लागेल, आणि पोस्टाने दोन माफ्या पाठवण्यापेक्षा तू येतो आहेस ते बरं.

यल्लव्वाने वसतिगृहातल्या सगळ्या मुलींना अळ्यांची भीती घालवण्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे. वॉर्डनबाईंची चिठ्ठी मला आली, की बरण्या किती ठेवू द्याव्यात. मी लिहिलं, जेवढ्या ती स्वतः धुवेल तेवढ्या. दर रविवारी ती इथे येते. राग गेला का हे मी विचारलेलं नाही. गेल्या रविवारी तिने माझ्या चित्रातल्या अळीचे पाय मोजले आणि एक जोड कमी आहे म्हणून दाखवलं. कमी होती.

खात्याने आता एक नाही, सहा तक्ते मागितले आहेत. लिंबावरची फुलपाखरं, कढीलिंबावरची, पानफुटीवरची. लिंबाच्या अळ्यांसाठी मी येलहंक्याच्या एका मळेवाल्याशी बोलून आले. आजवर तो त्या मारत होता, आता मला निरोप पाठवतो. नोकरी सांभाळून हे कसं होणार असं हेडमिस्ट्रेसनी विचारलं. मी म्हटलं, होईल. तेहतिसाव्या वर्षी माणसाच्या अंगात इतकं बळ कुठून येतं ते मला माहीत नाही, पण सकाळी उठल्याबरोबर मी माजघराकडे धावत जाते, अण्णा, लहान मुलीसारखी.

तू आणि वहिनी शनिवारच्या गाडीने येताय ते अम्माला वाचून दाखवलं. तिने खोबरं किसायला घेतलंय, सहा दिवस आधी.

मी मात्र स्टेशनवर येणार नाही. लिंबावरच्या नऊ अळ्या शनिवारीच कोशाला बसतील असा माझा अंदाज आहे, आणि मला प्रत्येकीचं चित्र हवं आहे. घर तुला माहीत आहे. दार उघडंच असेल. बाहेर हात धू आणि सरळ माझ्याकडे आत ये.

सत्यवती